सामाईक

उद्यमनगरात सकाळी अकराला
रस्त्याच्या कडेला लोखंडाचा कीस, कुरळा,
टायरला त्याची भीती.
मी राजारामपुरी सहाव्या गल्लीतनं मोपेडवर,
डिकीत ब्रश, पेनड्राइव्ह, दोन जादा अडाप्टर.

पिराजी मेस्त्रींची केबिन म्हणजे प्लायवूडचं खोकं.
बाहेर लेथ फिरतोय, आत कॉम्प्युटर,
त्याच्या पाठीत खुपसलेला नखाएवढा अडाप्टर
कटिंग ऑइलच्या वाफेनं चिकट झालेला.
निळा दिवा मात्र लागलेला. म्हणजे जीव आहे.

"नाव दिसतंय, नेट येईना," मेस्त्री म्हणाले,
"उद्या जीएसटीची तारीख.
त्यानंच तोडलंय. सख्खा भाऊ हाय, मला म्हाईत न्हाई व्हय?"

भिंत दोन वर्षांची, अजून गिलावा नाही.
वाटणीपत्रात सहा फुटी लेथ कुणाला, ड्रिल कुणाला,
बापाचं व्हर्निअर कुणाला,
आणि शेवटून दुसरी ओळ:
इंटरनेट सामाईक, बिल निम्मं-निम्मं.
विहिरीसारखं. पाणी एकाच्या हद्दीत, पोहरे दोन.

आधी नेहमीची कामं केली.
अडाप्टर उपसला, पुसला, मागच्या खाचेतनं पुढच्या खाचेत घातला.
नेटवर्क विसर म्हटलं. विसरला.
पासवर्ड पुन्हा टाकला. पहिल्या फटक्यात घेतला.
(त्यांच्या पहिल्या लेथचा नंबर. कुणी बदललाच नव्हता.
मेस्त्री खिडकीबाहेर बघत राहिले.)
ड्रायव्हर काढला, परत बसवला.
मग काळी चौकट उघडून त्याला त्याचा पत्ता विचारला:
एकशे एकोणसत्तर, दोनशे चोपन्न, पुढं काहीबाही.

हा आकडा माझ्या ओळखीचा.
राउटर पत्ता देईना की अडाप्टर मागत राहतो,
थांबतो, पुन्हा मागतो,
आणि शेवटी स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन बसतो.
त्या पत्त्यावर कुणी येत नाही.

हे मी बोलले नाही. म्हटलं, राउटर बघायला लागंल.
"मग जा की. मी न्हाई येणार."

भिंतीतनं गेले असते तर तीन पावलं,
गल्लीला वळसा घालून दीडशे.
पलीकडे सर्जेरावांचं सीएनसी, थंड, कपाटासारखं,
आणि वर फळीवर राउटर.
अँटेनाला खंडेनवमीचा झेंडू, वाळून चॉकलेटी.

सेटिंग उघडलं. पत्ते शंभरपासून एकशे नऊपर्यंत.
सीएनसीला एक, प्रिंटरला एक,
मोबाइल दोन, कॅमेरे सहा.
बोटं मोजली. दहा.

"कॅमेरे कधी बसवले?"
"मंगळवारी. का वो?"
"तिकडं मंगळवारपासनंच नेट नाही."
सर्जेरावांनी हातातला पाना खाली ठेवला.
"मी कशाला तोडतोय? कागदावर सामाईक लिहिलंय की."
आणि जरा वेळानं: "दादा तसं म्हणाला?"

मी नऊच्या मागचं शून्य खोडलं, नऊ केला.
शंभर ते एकशे नव्याण्णव. सेव्ह.
राउटर बंद होऊन उठेपर्यंत चहा आला,
पाकासारखा.

पुन्हा दीडशे पावलं.
निळा दिवा आता लुकलुकत होता,
पत्ता एकशे दहा.
जीएसटीचं पान उघडताना चक्र फिरलं, फिरलं, उघडलं.

"काय करून ठेवलं हुतं त्यानं?"
"काही नाही. जागा संपली होती, वाढवली."

मेस्त्रींनी चष्मा पुसला, पडदा पुसला,
कीबोर्डवरचा कीस फुंकला.
"चहा दिला का?"
"दिला."
"गोड?"
"लई."

माझे तीनशे झाले. त्यांनी दीडशे मोजले.
"निम्मे तिकडनं घे, सामाईक हाय.
आणि त्याला म्हणावं साखर कमी घाल,
घराण्यात शुगर हाय आमच्या."

मोपेड तिथंच ठेवली.
परत वळसा घातला.